मानांकित पशुरुग्णालयातील आठ महिने, आणि भुलेचा एक तक्ता

आमच्या मनीचे, म्हणजे अकरा वर्षांच्या मांजरीचे, उपचार गेले आठ महिने एका मानांकित पशुरुग्णालयात चालू आहेत. भिंतीवरचे प्रमाणपत्र पाहून मी तेथे गेलो नव्हतो. बिल फुगवण्याचे ते एक निमित्त असावे, असाच माझा समज होता. आधीच्या रुग्णालयात तिचा एक दात काढला, ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ग्लानीत राहिली आणि दोन महिन्यांत त्याच जागी पुन्हा सूज आली, म्हणून जाणे भाग पडले. नव्या डॉक्टरांनी पूर्वी कोणती भूल दिली होती असे विचारल्यावर मी जुन्या ठिकाणाहून नोंदी मागवल्या. आल्या त्या एवढ्याच : "दात काढला. प्रकृती ठीक." औषधाचे नाव विचारले, तर फोनवर उत्तर मिळाले, "नेहमीचेच."

नव्या ठिकाणी भुलेआधी रक्ततपासणी झाली आणि दातांचे एक्स-रे सुचवले गेले, त्या खर्चावरून मी काउंटरवर बरीच कुरकुर केली. एक्स-रेत हिरडीखाली जुन्या दाताच्या मुळाचा तुटका तुकडा दिसला, तेव्हा गप्प बसलो.

मत खऱ्या अर्थाने फिरले ते भुलेच्या तक्त्यामुळे. त्यावर दर पाच मिनिटांनी नाडी, श्वास, प्राणवायू, रक्तदाब आणि तापमान लिहिलेले होते. 10.35 वाजता वरचा रक्तदाब 78 वर उतरला, भुलेच्या वायूचे प्रमाण घटवून सलाईनचा वेग वाढवला गेला आणि 10.45 ला तो 96 झाला. हा कागद मी मागून घेतला आणि घरी तीनदा वाचला. हे जरा अतीच होते, असे घरच्यांचे मत आहे.

मग मी मानांकनाची माहिती काढली. पशुवैद्याला परवाना कायद्याने घ्यावाच लागतो, रुग्णालयाचे मानांकन मात्र ऐच्छिक असते. अमेरिका आणि कॅनडात ते देणारी अमेरिकन ॲनिमल हॉस्पिटल असोसिएशन ही संस्था 1933 साली स्थापन झाली. तिचे सुमारे 900 निकष असून मानांकित रुग्णालयाची दर तीन वर्षांनी पुन्हा तपासणी होते. दातांचे उपचार पूर्ण भुलेखाली आणि श्वासनलिकेत नळी घालूनच करावेत, हा तिचा सक्तीचा निकष आहे. म्हणजे मी ज्या नोंदींवर खूश होतो, त्या एखाद्या डॉक्टरच्या टापटिपीवर सोडलेल्या नव्हत्या.

चौथ्या महिन्यात मात्र हा उत्साह थोडा ओसरला. वेळ ठरवून गेलो असताना एक तास दहा मिनिटे बसावे लागले, आणि पिंजऱ्यातली मनी शेजारच्या कुत्र्यावर फिस्कारत राहिली. मानांकनाने रांग काही आखूड होत नाही. शिवाय ज्यांच्याकडे मनी लहानपणी जायची, त्या वृद्ध डॉक्टरांकडे कोणतेही प्रमाणपत्र नव्हते, तरी त्यांच्या वहीत औषधाचे नाव आणि मात्रा नेहमी सापडे. अशा ठिकाणी मी आज गेलो तर आधी भुलेचा तक्ता ठेवता का, एवढेच विचारीन.

गेल्या आठवड्यात लसीसाठी गेलो असता मनीची फाइल उघडी पडली होती. पहिल्याच पानावर लाल शाईत लिहिले होते : "भुलेत रक्तदाब उतरतो. वायू कमी प्रमाणावर सुरू करावा."