रामबागेतली फिजिक्सची ट्यूशन: आधी चित्र, मग फॉर्म्युला

मुलगी अकरावीला गेली तेव्हा सगळ्यांसारखे आम्हीपण इथे इंदूरला भंवरकुआंच्या एका मोठ्या कोचिंगमध्ये पैसे भरून आलो, एसी हॉल, शंभरावर पोरं, आणि सहा महिन्यांनी हिला फॉर्म्युले सगळे पाठ पण न्यूमरिकल समोर आला की नुसती बघत बसायची. मग नणंदेने या सरांचं सांगितलं. रामबागेत घराच्याच वरच्या मजल्यावर एक खोली, 12 पोरं, एक फळा आणि खडखडणारा पंखा. आता बारावी संपत आली म्हणून लिहितेय.

सरांचा हट्ट एकच. ठोकळा उतारावर असो नाहीतर दोरीला टांगलेला, आधी त्याला एकट्याला काढायचं, त्याच्यावरच्या जोरांचे बाण काढायचे आणि प्रत्येक बाणाला विचारायचं की हा जोर लावतंय कोण? पृथ्वी, दोरी, जमीन, काहीतरी नाव सांगता आलं पाहिजे, नाही आलं तर बाण खोड. वस्तू पुढे चाललीये म्हणून पुढच्या दिशेला एक उगाचचा बाण काढायची हिची खोड यातच गेली.

लिफ्टचं गणित मात्र डोक्यात शिरेना. सर म्हणाले, बेटा घरचा काट्याचा वजनकाटा घेऊन तुमच्या मल्टीच्या लिफ्टमध्ये उभी राहा. गेलो दोघी, शेजारचे काका बघतच राहिले. वर निघताना काटा 52 वरून 56 च्या आसपास उडाला आणि मधल्या मजल्यांवर परत 52, म्हणजे लिफ्ट एका स्पीडने चालली की काही फरकच नाही. त्यानंतर 50 किलोचा माणूस आणि लिफ्टचं ॲक्सिलरेशन वरच्या दिशेला 2, तर 50 × (9.8 + 2) म्हणजे 590 न्यूटन, हे तिने मला ओट्याशी उभं राहून समजावलं.

बारावीच्या चार्जेसमध्ये तर मलाच मजा यायला लागली (मी बीकॉम!). 4 आणि 1 मायक्रोकूलॉम, दोन्ही पॉझिटिव्ह, मध्ये 30 सेमी, फील्ड (म्हणजे दोघांचा मिळून तिथे जाणवणारा जोर) झीरो कुठे? हिने क्वाड्रॅटिक सोडवून मोठ्या चार्जपासून 20 आणि 60 अशी दोन्ही उत्तरं लिहिली आणि सरांनी वही परत दिली, चित्र कुठेय? बाण काढले तर 60 वर दोन्ही फील्ड सारखेच पण एकाच दिशेला, ते कटणार कसे, झीरो फक्त 20 वर. आणि लहान चार्ज निगेटिव्ह केला की बरोब्बर उलटं, 60 खरं आणि 20 खोटं!

आता तक्रार. मेकॅनिक्सवर सर इतके रमतात की मॅग्नेटिझम आणि इंडक्शन शेवटच्या दीड महिन्यात कोंबलं. तांब्याच्या नळीतून मॅग्नेट सोडून दाखवला, तो आरामात तरंगत आल्यासारखा खाली आला, लेन्झचा नियम (हलत्या मॅग्नेटमुळे नळीत उठलेला करंट त्यालाच अडवतो) तेवढ्यात कळला म्हणे, पण एसी सर्किटचे प्रॉब्लेम जेमतेम दोन दिवस झाले, बाकीचं हिने घरीच एनसीईआरटीवरून केलं. छापील नोट्स नाहीत, टेस्ट सिरीज नाही. शिकवणं हिंदीत, अडलं की आपल्या पोरांना मराठीत.

फी महिन्याला 1800, पावती मागावी लागते. धाकट्याला अकरावीला इथेच घालणार आहे, पण दिवाळीनंतर सरांना इलेक्ट्रिसिटीची आठवण करून देत राहीन. गल्लीत कार शिरत नाही, स्कूटीच न्या.