भाजलेलं म्हणून कच्चं क्रुसिबल (धातू वितळवायचं भांडं) गळ्यात मारलं: १,४२,२६० रुपये

जालना, वाळूज, चिकलठाण्यातल्या छोट्या भट्टीवाल्यांनी वाचा. लिहायला लाज वाटते, पण हाच विक्रेता उद्या तुमच्या गेटवर येईल.

भट्टी २५० किलोची इंडक्शन, म्हणजे भोवतीच्या विजेच्या कॉइलनं तापणारी, माल क्रशरच्या जॉ प्लेटचा, म्हणजे मँगनीज स्टील. त्यातलं मँगनीज ऑक्साइड सिलिकाचं अस्तर खातं, दोघांची पातळ मळी होते अन् भिंत झिजत जाते. म्हणून आधीच भाजलेलं ८५ टक्के अल्युमिनाचं क्रुसिबल घ्यायचं ठरलं. त्या निर्णयात चूक नव्हती, आजही नाही.

दोन नग, प्रत्येकी ५८,५००. वर जीएसटी २१,०६०, गाडीभाडं ४,२००. ७०,००० ॲडव्हान्स, बाकी सगळे माल निघायच्या आधी. (बाकी रक्कम पहिल्या हीटनंतरच, म्हणजे एकदा धातू वितळवून ओतल्यावरच द्यायची. विक्रेता नाही म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा.) "शेठ, १५५० अंशाला भाजलेला माल आहे, बिनधास्त थेट चार्ज टाका," असं तो म्हणाला. चार्ज म्हणजे वितळवायचा माल. सोबत टेस्ट सर्टिफिकेट, त्यात अल्युमिना ८५.२ टक्के. तो आकडा खराही असेल. अल्युमिनाच्या टक्क्यावरून कच्चा अन् भाजलेला माल वेगळा ओळखता येत नाही! मागायचा तो घनता, सच्छिद्रता अन् पुन्हा तापवल्यावर किती आकसतो याचा रिपोर्ट.

अन् ते बिल. बिलावर एचएसएन (जीएसटीतला मालाचा कोड) ३८१६ होता. तो कास्टेबल, मॉर्टर, रॅमिंग मास अशा भट्टीच्या न भाजलेल्या मसाल्यांचा नंबर. भाजलेलं क्रुसिबल ६९०३ मध्ये येतं. ६९ वं प्रकरणच आकार देऊन मग भाजलेल्या वस्तूंचं आहे. भामट्यानं चोरी स्वतःच्या हातानं बिलावर लिहून दिली होती, अन् आम्ही खालची बेरीज तेवढी तपासून सही ठोकली. मिस्त्रीनं टिचकी मारून सांगितलंही, "भाऊ, बद्द वाजतंय." त्याला म्हटलं, ओल असेल. मे महिन्यात, जालन्यात, ओल! कच्चं मडकं अन् पक्कं मडकं आवाजावरून बाजारातली म्हातारीसुद्धा ओळखते.

कॉइल अन् क्रुसिबलच्या मध्ये कोरडी मास नीट ठोकली होती, त्यामुळे "तुमचं रॅमिंग कच्चं" हे त्याचं नंतरचं बोलणं ऐकून घेणार नाही. क्रुसिबलचा माल नुसता वाळवलेला सिमेंट कास्टेबल होता. थेट चार्ज टाकल्यावर सिमेंटनं धरलेलं पाणी वाफ होऊन सुटलं, बारीक तडे गेले. पुढे सिमेंटची पकड सुटते अन् भाजल्यावर येणारी सिरॅमिक पकड अजून धरलेली नसते, त्या मधल्या तापमानात भिंत सगळ्यात अशक्त. धातू पातळ झाला तसा उभ्या चिरेतून मागच्या मासमध्ये घुसला. अर्थ लीकेज ट्रिप होऊन वीज तुटली म्हणून माणसं वाचली. भट्टी वाकवून खड्ड्यात ओतली. कॉइलचे दोन वेढे गेले, दुरुस्ती ३८,५००.

दुसऱ्या नगाचा तुकडा काढला, उन्हात वाळवला: ४१२ ग्रॅम. हजार अंशाला दोन तास ठेवून थंड केला: ३९१. एकवीस ग्रॅम पाणी. खरं भाजलेलं असतं तर काटा हलला नसता. पैसे देण्याआधी ही चाचणी करा, खर्च शून्य.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात उत्तर, "माल मिळाला ना? मग दिवाणी बाब." विक्रेता परराज्यातला, म्हणून "आमच्या हद्दीत येत नाही." गुन्हा कुठेही नोंदवता येतो, झिरो एफआयआर असते, हे सांगितल्यावर साहेब जेवायला गेले. १९३० या सायबर फ्रॉड हेल्पलाइनवर फोन केला, तर हा ऑनलाइन फ्रॉड नाही. ग्राहक आयोगाकडे गेलो, तर धंद्यासाठी घेतलेला माल, तुम्ही ग्राहकच नाही. एमएसएमई समाधान पोर्टल विकणाऱ्याचे थकलेले पैसे वसूल करायला आहे, नागवलेल्या खरेदीदारासाठी नाही. व्यावसायिक न्यायालयाला किमान तीन लाखांचा दावा लागतो, आमचा सगळा धरून १,८०,७६०. म्हणजे आम्ही पुरेसे बुडालोही नाही! उरलं साधं दिवाणी कोर्ट, दावा लावायची मुदत तीन वर्षं. वकिलानं पहिल्याच भेटीत फी सांगितली, निकाल कधी लागेल ते नाही.

दुसरं क्रुसिबल पुरावा म्हणून शेडमध्ये झाकून ठेवलंय. कुणाला टिचकी मारून आवाज ऐकायचा असेल तर या.