अभ्यासिकेच्या भिंतीवर कोण: रविवर्म्यांची सरस्वती की अवनींद्रनाथांची भारतमाता?

नाशिकच्या गंगापूर रोडला नवी अभ्यासिका सुरू होते आहे आणि समोरच्या भिंतीला एकच मोठं चित्र लावायचं आहे. यादीत शेवटी दोन नावं उरली आहेत.

राजा रविवर्म्यांची सरस्वती 1896 ची, तैलरंगातली. हातात वीणा, पोथी, माळ, शेजारी मोर. लांबूनही एका नजरेत ओळखू येते. रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. त्यांच्या देवी घराघरांत पोचल्या त्या या छापील चित्रांमधून. पण खरं सांगायचं तर इथे आधी दिसते ती एक देखणी बाई. विद्येच्या खुणा तिच्या हातात दिल्या आहेत, एवढंच.

अवनींद्रनाथ ठाकुरांची भारतमाता 1905 ची, म्हणजे वंगभंगाच्या वर्षातली. भगवं वस्त्र, चार हात, पायाशी पांढरी कमळं. पोथी आणि माळ हिच्याही हातात आहेत, पण उरलेल्या दोन हातांत भाताच्या लोंब्या आणि पांढरं कापड आहे. तिथेच अर्थ पालटतो. सरस्वतीच्या हातातली पोथी साधकाची. इथली पोथी अन्न-वस्त्राच्या रांगेत बसते आणि देशाची गरज होते. कापडाचं तर विचारूच नका: त्याच वर्षी भगूरच्या सावरकरांनी पुण्यात विदेशी कापडाची होळी पेटवली. (लोंब्या इगतपुरीचा पोरगा लगेच ओळखेल, निफाडचा कदाचित गहू म्हणेल.)

अडचण रंगांची आहे. जपानी चित्रकारांकडून घेतलेल्या धुवट जलरंग पद्धतीत कडा विरघळतात. मूळ चित्र लहान. फार मोठं केलं की ट्यूबलाइटखाली नुसता पिवळट धूर दिसेल.

म्हणून प्रवेशदारापाशी, येता-जाता दिसायला, सरस्वती बरी. आत, जिथे पोरं तासन्‌तास बसणार, तिथे मी भारतमाताच लावीन. मान वर केली की वाचायला काही तरी हवं. फ्रेमवाल्याला मात्र चित्रकाराचं नाव सांगा. नुसतं ‘भारतमाता’ म्हटलंत तर सिंह, झेंडा आणि नकाशावाली हातात ठेवेल. अवनींद्रनाथांच्या चित्रात यातलं एकही नाही. आकार मध्यम ठेवा, कागद बिनचकाकीचा घ्या आणि चित्र बसणाऱ्याच्या नजरेच्या जरा वर टांगा.