पक्षी मोजावेत की पक्षी दाखवावेत?

पक्ष्यांशी संबंधित काम शोधू लागलेल्या माणसासमोर लवकरच दोन प्रकारच्या जाहिराती येतात. एकीत हंगामापुरत्या क्षेत्र-सहायकाची किंवा संशोधन प्रशिक्षणार्थीची जागा असते, तर दुसरीत निसर्गशिक्षकाची किंवा शिबिरातील मार्गदर्शकाची. दोन्हींवरचे छायाचित्र बहुधा सारखेच असते, गळ्यात दुर्बीण आणि मागे झाडी; ‘पक्ष्यांची आवड आवश्यक’ हे वाक्यही दोन्हींत असते, आणि म्हणूनच त्या आवडीच्या आधारे निवड करता येत नाही. खरे तर दोन्ही कामांत पक्षी प्रत्यक्ष डोळ्यांसमोर असण्याचा काळ थोडाच असतो. उरलेल्या वेळात पहिल्या कामात आकड्यांची सोबत असते आणि दुसऱ्यात माणसांची, त्यामुळे निर्णय घेताना या उरलेल्या वेळाचा विचार आधी करावा, असे माझे मत आहे.

क्षेत्रकामाची कल्पना यावी म्हणून उत्तर अमेरिकेत 1966पासून दरवर्षी विणीच्या हंगामात होणाऱ्या पक्षिगणनेकडे पाहता येईल. निरीक्षक सूर्योदयाच्या अर्धा तास आधी ठरलेल्या रस्त्यावर हजर होतो, सुमारे 800 मीटर अंतराने 50 ठिकाणी थांबतो आणि प्रत्येक ठिकाणी बरोबर 3 मिनिटांत जे पक्षी दिसले किंवा ऐकू आले तेवढेच नोंदवतो. चौथ्या मिनिटाला एखादा दुर्मीळ पक्षी समोरच्या फांदीवर येऊन बसला, तरी तो त्या नोंदीत धरायचा नसतो. हा कोरडेपणा मुद्दाम पाळलेला आहे, कारण यंदाच्या आकड्याची तुलना वीस वर्षांपूर्वीच्या आकड्याशी करायची असेल, तर दोन्ही वेळा मोजण्याची रीत एकच असावी लागते. अशा कामात दुर्बिणीपेक्षा कान अधिक उपयोगी पडतात. दाट झाडीत बहुतेक पक्षी आवाजावरूनच ओळखावे लागतात, आणि त्या तयारीसाठी हंगामाच्या आधी कित्येक आठवडे ध्वनिमुद्रणे ऐकत बसावे लागते. सकाळ संपली की दुपारी नोंदी संगणकात भरणे, चुका तपासणे आणि उद्याच्या मार्गाची तयारी करणे चालते. ज्याला एकांत आणि पुनरावृत्ती मानवते त्याला हे दिवस समाधानाचे वाटतात. ज्याला पाहिलेला पक्षी लगेच कोणाला तरी सांगावासा वाटतो, त्याला ते लांबट वाटू लागतात.

पक्ष्यांच्या पायात क्रमांकाचे कडे घालण्याचे काम, म्हणजे रिंगिंग, याच वर्गातले असले तरी त्याची ओढ वेगळी आहे, कारण त्यात पक्षी हातात येतो. अतिशय बारीक धाग्यांच्या मिस्ट नेट नावाच्या जाळ्या झुडपांमध्ये उभ्या करतात आणि साधारण दर 20 ते 30 मिनिटांनी त्यांची फेरी घेतात. ऊन वाढले तर फेऱ्या वाढवतात आणि पाऊस आला तर जाळ्या मिटतात. अडकलेला पक्षी सोडवून, त्याची मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये अलगद धरून, कडे घालणे, पंखाची लांबी, वजन, चरबी आणि पिसे बदलण्याची अवस्था नोंदवणे हे सर्व काही मिनिटांत आटोपावे लागते. पक्ष्याला त्रास होत आहे असे दिसताच मोजमाप अर्धवट टाकून त्याला सोडून देणे हा या कामातील पहिला धडा असतो. कायद्याने बहुतेक ठिकाणी यासाठी परवाना लागतो आणि तो अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली दीर्घकाळ शिकल्यावरच मिळतो, त्यामुळे एका हंगामाच्या इंटर्नशिपमध्ये स्वतंत्रपणे कडी घालता येतील अशी अपेक्षा ठेवू नये. जाता जाता नोंदवण्याजोगी गोष्ट अशी की, क्रमांकाची धातूची कडी पद्धतशीरपणे वापरण्याची सुरुवात डेन्मार्कमध्ये 1899 साली हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन यांनी केली आणि ते पेशाने शिक्षक होते.

निसर्गशिक्षकाचा दिवस पक्ष्यांच्या आवाजाने नव्हे, तर गट येण्याने सुरू होतो. वीस-पंचवीस मुले उतरतात. त्यांत कोणाला मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी आहे, कोणाच्या पायात चालण्याजोगे बूट नाहीत आणि कोणाला झाडीत शिरायचीच भीती वाटते, हे पहिल्या दहा मिनिटांत ओळखावे लागते. ज्या खंड्यासाठी सर्वांना तळ्याकाठी शांत बसवले, तो नेमका त्याच क्षणी उडून जातो आणि मुले पायाखालच्या मुंग्यांकडे पाहू लागतात. चांगला शिक्षक तेव्हा खंड्याला सोडून मुंग्यांकडे वळतो; पक्ष्यांचे अफाट ज्ञान असलेल्या, पण असे वळता न येणाऱ्या माणसाची येथे फार ओढाताण होते. सहा वर्षांच्या मुलाला घरटे दाखवून चालते, तर चौदा वर्षांचे मूल ‘हे मला का सांगता?’ असे तोंडावर विचारते, आणि त्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर तयार ठेवणे हाच या कामातील खरा गृहपाठ आहे. पुनरावृत्ती येथेही चुकत नाही, फक्त ती लपवावी लागते: आठवड्यात पाचव्यांदा त्याच वाटेवर जाताना पहिल्यांदा जाणाऱ्याचे कुतूहल टिकवायचे असते. पावसात गणना थांबते, पण आलेला गट परत पाठवता येत नाही.

फळ केव्हा दिसते, याबाबत दोन्ही कामे जवळजवळ उलटी आहेत. अमेरिकेतील मेन राज्याच्या किनाऱ्याजवळच्या ईस्टर्न एग रॉक या बेटावरून शिकारीमुळे पफिन नावाचे समुद्रपक्षी एकोणिसाव्या शतकात नाहीसे झाले होते. पक्षितज्ज्ञ स्टीफन क्रेस यांनी 1973मध्ये कॅनडातील न्यूफाउंडलँडहून पिल्ले आणून तेथे वाढवायला सुरुवात केली आणि पुढे परतणाऱ्या पक्ष्यांना धीर यावा म्हणून लाकडी पफिनही मांडले. पफिनांनी तेथे पुन्हा घरटी केली ती 1981 साली. सुरुवातीच्या हंगामांत तेथे राबलेल्या मदतनिसांना परतलेला पक्षी पाहायलाही मिळाला नसणार. संवर्धनाच्या कामात आपल्या वाट्याला बहुधा मधलाच एखादा तुकडा येतो, आणि ते ज्याला खटकते त्याने याचा आधीच विचार केलेला बरा. शिक्षणात मुलाचा चेहरा त्याच तासात उजळलेला दिसतो, परंतु तो उजेड दहा वर्षांनी कोठे गेला हे मोजायला कोणी जात नाही, आणि निधी देणारे बहुधा फक्त डोकी मोजतात. मात्र क्रेस यांना या बेटाचा ध्यास लागला तो जवळच्याच हॉग आयलंडवरील निसर्ग शिबिरात ते शिकवत असताना, हे लक्षात घेतले तर दोन्ही वाटांमधली भिंत वाटते तितकी उंच नाही.

पैशाच्या बाबतीत स्पष्ट बोललेले बरे. पक्ष्यांच्या मोठ्या गणना, 1900 साली सुरू झालेल्या नाताळातील गणनेपासून पुढे, प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या बळावर उभ्या राहिल्या. त्यामुळे नुसते पक्षी ओळखता येण्याला बाजारात किंमत कमी आहे. पगाराच्या जागा असतात त्या गणनेची आखणी, स्वयंसेवकांचे प्रशिक्षण आणि आकड्यांचे विश्लेषण यांत. क्षेत्रकामात टिकायचे असेल तर संख्याशास्त्र, आर या संगणकीय भाषेचा वापर आणि नकाशांचे सॉफ्टवेअर शिकणे ही दुर्बिणीपेक्षा महत्त्वाची गुंतवणूक ठरते. हंगामी करार तीन-चार महिन्यांचे असतात, आणि पुढचा करार बऱ्याचदा दुसऱ्याच प्रदेशात मिळतो. निसर्गशिक्षणात वर्षभराच्या जागा तुलनेने अधिक सापडतात, पण शनिवार-रविवार आणि सुट्ट्या हेच तेथील गर्दीचे दिवस असतात. दुर्गम भागातील प्रथमोपचाराचा 16 तासांचा छोटा अभ्यासक्रम या क्षेत्रात शिरताना पुरतो. मुलांना घेऊन दिवसचे दिवस बाहेर राहायचे असेल तर 70 ते 80 तासांचा मोठा अभ्यासक्रम केलेला असावा.

बिनपगारी इंटर्नशिप सरसकट टाळावी असे मी म्हणणार नाही, परंतु पूर्णवेळ कर्मचाऱ्याचे काम करून घेऊन त्याला प्रशिक्षण म्हणणे हा प्रशिक्षणार्थीवर अन्याय आहे. अर्ज करण्यापूर्वी राहण्या-जेवणाची सोय कोण करतो, रोज किती तास काम आहे, शिकवणारी व्यक्ती आठवड्यातून किती दिवस सोबत असेल आणि मागच्या वर्षीचे प्रशिक्षणार्थी आज काय करतात, एवढे विचारावे. चौथ्या प्रश्नाला उडवाउडवीचे उत्तर मिळाले तर मी तरी अर्ज करणार नाही.

ज्याला ठरवताच येत नाही त्याने पक्षी निरीक्षण केंद्रांतील जागा पाहाव्यात, कारण तेथे सकाळी कडी घालण्याचे काम आणि नंतर भेटीला आलेल्या गटांशी संवाद अशी दोन्ही कामे एकाच माणसाकडे येऊ शकतात. एकच निवडायचे असेल तर माझा कल पहिला हंगाम क्षेत्रकामात घालवण्याकडे आहे. ज्याने स्वतः भिजत मोजले आहे, त्याच्या सांगण्याला मुलांसमोर वजन येते. तोपर्यंत एक साधी चाचणी घरबसल्या करता येते. एका पहाटे एकट्याने 10 ठिकाणी 3-3 मिनिटे थांबून पक्षी मोजावेत, दुसऱ्या दिवशी ओळखीतील पाच मुलांना दोन तास त्याच वाटेने न्यावे, आणि दोन्ही दिवशी घड्याळाकडे पहिल्यांदा केव्हा पाहिले ती वेळ वहीत लिहून ठेवावी.