पणजी–बेती फेरीबोट: पाच-सात मिनिटांचा प्रवास, पण पणजीला आलात तर नक्की करा

मागच्या महिन्यात पुण्याचा मावसभाऊ बेतीला आमच्याकडे यायचा होता. बेती म्हणजे गोव्यात पणजीच्या समोर, मांडवी नदीच्या पलीकडचं आमचं गाव. पणजीतून निघाला आणि मोबाईलवरच्या मॅपने त्याला पुलावर नेलं, मग मालीम, मग बेती, त्यात संध्याकाळचं ट्रॅफिक, पोचेपर्यंत पाऊण तास. मी म्हटलं अरे बाबा, बांदोडकर मार्गावर धक्का आहे तिथे यायचंस, पलीकडे आमचंच गाव दिसतं, चालत येणाऱ्याला तिकीटसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याला फेरीतून पणजीला घेऊन गेलो. मी लहानपणापासून यातून जातोय, तरी रॅम्प सिमेंटवर घासल्याचा आवाज आला की बरं वाटतं. आधी स्कूटरी चढतात, मग एकदोन गाड्या, मासळीच्या टोपल्या घेऊन बायका, कॉलेजची पोरं. पाच-सात मिनिटांत पलीकडे. इंजिनाची धडधड मोठी आहे, फोनवर बोलायला जाऊ नका, आणि पावसात पुढे उभं राहिलात तर भिजणार, तेवढा अर्धा मार्क कापतो.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. फेरीतून पणजी समोरून दिसते. जुनं सचिवालय बघा, आदिलशहाचा राजवाडा होता तो, त्याचं तोंड नदीकडे आहे. १८४३ साली पणजी राजधानी झाली तेव्हा माणूस आणि माल पाण्यावरूनच यायचा, म्हणून कचेऱ्या, गोदामं, हॉटेलं सगळी काठाला लागून. मुंबईची आगबोटसुद्धा इथेच लागायची, आजोबा सांगायचे की बोट आली की अख्खं शहर धक्क्यावर असायचं. थोडक्यात, वाहन माणसाला जिथे उतरवतं तिथे बाजार बसतो, असं मला तरी वाटतं.

मग १९७० मध्ये मांडवीवर पूल झाला आणि तो उतरला पाटोला, म्हणजे पणजीच्या पूर्वेच्या टोकाला. बसस्टँड तिथे, बँका आणि ऑफिसांच्या इमारती तिथे, सेंट्रल लायब्ररीसुद्धा आता तिथेच. पुलाच्या दुसऱ्या टोकाला पर्वरी, जे आमच्या आईच्या आठवणीत नुसतं पठार होतं, वारा आणि काजूची झाडं, तिथे २००० साली विधानसभा गेली आणि आता ब्लॉकच्या इमारती, मॉल, हायवे. नदीकाठच्या पणजीला कोणी काही केलं नाही, लोक यायचे त्या बाजूने यायचे बंद झाले एवढंच, आणि आता संध्याकाळी काठावर सगळ्यात जास्त उजेड कॅसिनोच्या बोटींचा असतो, ते बघून मला खरंच वाईट वाटतं.

५ जुलै १९८६ ला तो पूल कोसळला. आई तेव्हा पणजीत शाळेत शिकवायची. ती सांगते, भर पावसात फेरीसाठी ही मोठी रांग, कोण कोणाचा डबा धरतंय, कोण मुलाला कडेवर घेतंय, आणि पणजी पुन्हा नदीवरून चालली. हे ऐकलं की वाटतं, फेरी बंद करायचं कोणी मनातसुद्धा आणू नये. आता अटल सेतू आहे, २०१९ ला झाला, पाच किलोमीटरहून लांब, दिसायला देखणा, पण त्यावर दुचाकी चालत नाही आणि पायी जाणाऱ्याचा तर प्रश्नच नाही. बेतीची जी बाई टोपली घेऊन पणजीच्या मार्केटला जाते तिच्या कामाचा रस्ता अजून हाच आहे ना.

मॅप काय, गाडीचा रस्ता धरतो आणि त्यात फेरी सुटून जाते. नवीन माणसाला मग धक्का आहे हेच कळत नाही, दुकानं तिथली कमी होतात, आणि शहर अजून थोडं पुलाकडे सरकतं. म्हणून हे लिहितोय.

जाणार असाल तर बेतीहून पणजीकडे येताना सूर्य मावळायच्या अर्धा तास आधीची पकडा, उजव्या हाताला रहा, तिकडे नदीचं मुख आणि मागे रेईश मागूशचा किल्ला दिसतो. भाऊ परत जाताना बॅग घेऊन फेरीतूनच गेला, मी धक्क्यावर सोडायला होतो.