मार्मारिसची काळी 'मेंदी' आणि माझ्या लेकीचा हात

गेल्या जूनमध्ये आम्ही लेस्टरहून दहा दिवसांसाठी तुर्कस्तानात मार्मारिसला गेलो होतो. सहा वर्षांची लेक, दहा महिन्यांचं बाळ, आम्ही दोघं आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाई. बाळाचं दूध, पाणी, ऊन, दालामान विमानतळापासूनचा दीड तासाचा गाडीप्रवास, या सगळ्याची मी धास्ती घेतली होती. त्यातलं काहीच बिघडलं नाही. मी फसले ती मेंदीत, जिच्यातलं मला लहानपणापासून कळतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समुद्राच्या कडेकडेने किल्ल्याकडे फिरायला निघालो होतो. एका खुर्चीभोवती पोरांची गर्दी होती आणि बाजूच्या फळ्यावर डॉल्फिन, फुलपाखरं, विंचू काढलेले. लेक हटूनच बसली. मी त्या तरुणाला विचारलं, यात काय आहे? "नॅचरल हेना, मॅडम. तुम्ही इंडियाच्या ना? आमच्याकडेही लग्नाआधी नवरीला लावतात, कना गेजेसी!" तुर्कीत मेंदीला कना म्हणतात आणि मेंदीची अशी रात्र तिथे खरंच असते. तेवढ्यावर मी विश्वास ठेवला आणि दहा पौंड दिले.

प्लास्टिकच्या कपात काळा चिकट लगदा होता, वर कसलंच लेबल नाही. ब्रशने त्याने दंडावर डॉल्फिन काढला. वीस मिनिटांत तो वाळला आणि पुसल्यावर खाली कोळशासारखा काळा रंग. "अगं, मेंदी कधी अशी काळी असते का?" सासूबाई म्हणाल्या, "आणि वास बघ, केसांच्या डायसारखा येतोय." त्याने बाळाच्या पावलावर फुकट चांदणी काढायला ब्रश उचललाही होता. सासूबाई बाळाला कडेवर घेऊन तिथून चालत्या झाल्या. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

आठव्या दिवशी पहाटे लेक रडत उठली. डॉल्फिनची रेघ न् रेघ लाल होऊन सुजली होती, आणि दुपारपर्यंत त्यावर पाण्याचे फोड आले. तुर्कस्तानात औषधाच्या दुकानाला एज्झाने म्हणतात, बाहेर लाल 'E' ची पाटी असते. तिथल्या बाईंनी हात पाहताक्षणी विचारलं, "सियाह कना?" म्हणजे काळी मेंदी. मग स्वतःचा तळवा दाखवून म्हणाल्या, आमच्या नवरीची कना लाल असते, काळी नाही.

मेंदीच्या पानाचा रंग आधी नारिंगी चढतो आणि एक-दोन दिवसांत तपकिरी होतो. त्यासाठी ती तासन्‌तास हातावर ठेवावी लागते, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलीलाही माहीत असतं. लगेच वाळून काळाकुट्ट रंग देणाऱ्या लगद्यात पीपीडी असतं, पॅराफेनिलिनडायअमिन, केसांच्या काळ्या डायमधलं रसायन. युरोपीय संघात ते केसांच्या डायमध्ये जास्तीत जास्त 2 टक्के चालतं, त्वचेवर लावायला परवानगीच नाही. फुटपाथवरच्या कपात किती टक्के आहे हे कोण मोजणार? रिअ‍ॅक्शन बहुतेकदा काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी येते. तोवर गिऱ्हाईक विमानात बसून घरी पोचलेलं असतं, म्हणून तर हा धंदा बिनबोभाट चालतो.

फोटो घेऊन मी त्या मेंदीवाल्या तरुणाकडे गेले. "समुद्राचं पाणी, ऊन, मॅडम," एवढंच तो म्हणाला आणि पुढच्या पोराचा हात धरला. औषधवाल्या बाईंनी झाबिताकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या पथकाकडे जायला सांगितलं होतं. दुखणारा हात आणि कडेवरचं बाळ सांभाळताना ते राहून गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर नक्की जा, आणि चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर 112 ला फोन करा.

घरी आल्यावर स्टिरॉइडचं मलम आणि तीन आठवडे. फोड गेले, पण दंडावर डॉल्फिनच्या आकाराचा पांढुरका डाग अजून आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ही अ‍ॅलर्जी जन्मभराची असते. मोठेपणी तिने केसांना डाय लावला तर डोकं, डोळे, चेहरा सुजू शकतो. बधिर करणाऱ्या काही औषधांनीही तिला त्रास होऊ शकतो. डॉक्टरांनी तिच्या नोंदीत ते लिहून ठेवलं आहे.

तान्ह्या बाळांबद्दल आणखी एक, जे मलाही नंतर कळलं. जी6पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी अस्सल मेंदीनेही फुटू शकतात, आणि अशी मुलं भूमध्य समुद्राभोवती आहेत तशी आपल्याकडेही आहेत. हौसेखातर बाळाच्या हाताला काहीच लावू नका.

आणि हे फक्त मार्मारिसचं नाही. लग्नसराईत आपल्या बाजारातही तासाभरात गडद काळा रंग देणारे कोन मिळतात. डिसेंबरात साताऱ्याला घरचं लग्न आहे. बाहेरचा एकही कोन आणायचा नाही, परसातल्या मेंदीचा पाला वाटायचा, असं सासूबाईंनी आत्ताच सगळ्यांना सांगून ठेवलंय.