तीन दिवसांत गुण देणारी पुडी

गुडघेदुखी, संधिवात, दमा किंवा वर्षानुवर्षांची खाज असली की आठवडी बाजारात, यात्रेत किंवा ओळखीतून घरपोच एक राखाडी-तपकिरी चूर्ण मिळतं. पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही. 'शुद्ध जडीबुटी, काही अपाय नाही' एवढंच तोंडी सांगितलेलं असतं. पहिल्या दहा पुड्या स्वस्तात देतात. तिसऱ्या दिवशी माणूस काठी बाजूला ठेवून चालायला लागतो, आणि तिथेच तो अडकतो.

झिजलेला गुडघा तीन दिवसांत बरा करील अशी मुळी नाही. एवढ्या झपाट्याने सूज आणि ठणका उतरला, तर चुर्णात डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्याचा संशय आधी घ्यायचा. कधी जोडीला डायक्लोफेनॅक हे वेदनाशामकही असतं. आलेला गुण खोटा नसतो. 1948 साली मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं, तेव्हाही जखडलेले सांधे काही दिवसांत मोकळे झाले होते. दुष्परिणाम मागाहून दिसले. पुडीवाला नेमकी हीच किमया विकतो आणि मागाहून येणारं लपवतो.

दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते, वजन जेमतेम 4-5 ग्रॅम. दोन्ही मिळून रोज साधारण 10 ते 20 मिलिग्रॅम कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवतात. किती बनवायचं हे मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच या संप्रेरकाद्वारे ठरवते. डेक्सामेथासोनची 0.5 मिलिग्रॅमची एक गोळी सुमारे 13 मिलिग्रॅम कॉर्टिसॉलचं काम करते. पुडीत अशा दोन गोळ्या पडल्या की दिवसाची गरज बाहेरूनच भागते. पिट्युटरी एसीटीएच सोडणं थांबवते, आणि काही आठवड्यांत अ‍ॅड्रिनल आकसायला लागते. शिवाय मिश्रण हाताने केलेलं, त्यामुळे एका पुडीत तीन गोळ्यांचा ऐवज तर दुसरीत काहीच नाही.

दोन-तीन महिन्यांत चेहरा गोल आणि लालसर होतो. घरचे म्हणतात, 'तब्येत सुधारली.' पण त्याच माणसाचे दंड आणि मांड्या बारीक होत गेलेल्या असतात. त्याला जमिनीवरून हात न टेकता उठायला सांगून पाहा, जमत नाही. पोटावर बोटभर रुंद जांभळे चट्टे, कागदासारखी पातळ कातडी, नुसत्या धक्क्याने काळानिळा डाग. रक्तदाब वाढतो. साखरही वाढते, पण उपाशीपोटी ठीक आणि जेवणानंतर भरमसाट, म्हणून फक्त सकाळच्या तपासणीत ती निसटते. पुढे हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो, खुब्याचं हाड आतून मरतं. विचारलं तर पुडीवाला सांगतो, 'अंगावर सूज येतेय म्हणजे औषध लागू पडतंय.'

दोन दिवस पुडी चुकली की अंग मोडून येतं, मळमळतं, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. रुग्णाला वाटतं जुना आजार उलटला, आणि तो पुन्हा पुड्या आणायला धावतो. खरं तर आकसलेली अ‍ॅड्रिनल कॉर्टिसॉल पुरवू शकत नाही, म्हणून शरीर हाक देत असतं.

म्हणून हे वाचून घरातल्या कुणाच्या पुड्या रागाने एकदम फेकून देऊ नका. उरलेल्या पुड्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून त्याच दिवशी फिजिशियनकडे किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (संप्रेरकतज्ज्ञाकडे) न्या आणि किती महिने, दिवसाला किती घेतल्या ते लाज न बाळगता सांगा. डॉक्टर मोजून प्रेडनिसोलोन किंवा हायड्रोकॉर्टिसोन सुरू करतात आणि मात्रा आठवड्यांच्या हिशेबाने उतरवतात. मधूनमधून सकाळी 8 वाजता रक्तातलं कॉर्टिसॉल बघतात. आधीच्या गोळीला 24 तास होऊन गेलेले हवेत, आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची, नाहीतर प्रेडनिसोलोनच कॉर्टिसॉल म्हणून मोजलं जाऊ शकतं. आकडा प्रति डेसिलिटर 5 मायक्रोग्रॅमखाली असेल तर ग्रंथी अजून झोपलेली आहे, 10 च्या वर गेला तर बहुधा जागी झाली. याला कधी सहा महिने, कधी वर्षही लागतं.

या काळात ताप आला तर डॉक्टरांना विचारून गोळीची मात्रा वाढवावी लागते. उलट्या होऊन गोळी पोटात ठरत नसेल, रक्तदाब उतरला, माणूस गुंगीत गेला, तर वाट बघू नका. थेट रुग्णालय गाठा आणि दारातच 'स्टेरॉइड चालू होतं' असं सांगा. तिथे 100 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सलाईन लागतं. हेच वाक्य मोतीबिंदूच्या किंवा दाताच्या शस्त्रक्रियेआधीही सांगायचं. चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवलेलं बरं.

डॉक्टरांना दाखवलेल्या पुड्यांपैकी दोन-तीन न उघडता बाजूला ठेवा. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रारीसोबत त्या द्या. पैसे कधी, कुणाला, कसे दिले तेही लिहा, यूपीआयची नोंद असेल तर जोडा. डेक्सामेथासोन आणि प्रेडनिसोलोन ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारी औषधं आहेत. ती चुर्णात लपवून देणं हा 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली गुन्हा ठरतो.